उसनी बाग

ज्या घरातून आज ना उद्या निघायचंच आहे, त्या घराच्या परसात झाड लावावं का हो? आधी मनाशी उत्तर धरून ठेवा, मग गोष्ट ऐका.

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावाला वेस असायची आणि दिलेल्या शब्दाला साक्षीदार लागायचा. अशा एका गावात अनसा नावाची बाई आपल्या सासूचा हात धरून आली. सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं. अनसा गोधड्या शिवायची. पाठीवर चिंध्यांचं गाठोडं आणि हातात म्हातारीचा हात, एवढाच तिचा संसार.

त्या गावात एका माणसाची चार घरं होती. वेशीजवळचं घर कैक दिवस रिकामं होतं, ते त्याने अनसाला राहायला दिलं. भाडं ठरलं दर हंगामाला एक गोधडी. घरमालक तसा वाईट नव्हता, पण आपली वस्तू कुणी बिघडवील याची त्याला भारी धास्ती. म्हणून त्याने पाटलांना साक्षीला बोलावलं.

"बाई, माझी एकच अट," तो म्हणाला. "घर सोडताना जसं होतं तसं परत करायचं. दारापासून परसापर्यंत. खिळासुद्धा इकडचा तिकडं नको."

"जसं होतं तसं," अनसा म्हणाली.

पाटलांनी मान हलवली. शब्द पक्का झाला.

मालक गेल्यावर अनसाने मागचं दार उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली. परस कसलं, गावाचा उकिरडा होता तो! फुटक्या कौलांचे ढीग, बाभळीच्या काट्यांच्या मोळ्या, काळा पडलेला पेंढा, आणि त्या सगळ्यावर कमरेएवढा धोतरा माजलेला. कोपऱ्यात विहीर होती, पण तिचा काठ शोधावा लागत होता.

"काय गं अनसे?" सासूने नाकाला पदर लावला. "काही मेलंय का तिकडं?"

"नाही आत्याबाई. परस आहे."

"मग लाव दार. मला काय, सगळी घरं सारखीच. उंबऱ्यावर बसायचं नि माणसांच्या चपला ऐकायच्या."

अनसाने दार लावलं. पण ती गोधड्या शिवणारी बाई. फेकलेली चिंधी दिसली की तिच्या बोटांना चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी तिने दार पुन्हा उघडलं, आणि पदर खोचून कामाला लागली.

गाठीला काही नव्हतंच, म्हणून तिने काही विकत घेतलं नाही. काटे उचलले आणि कडेने रोवून कुंपण केलं. फुटकी कौलं पालथी जोडून मोरीच्या पाण्याला पाट केला. कुजका पेंढा, शेण, चुलीची राख सगळं खड्ड्यात टाकून वरून माती लोटली. मोरीपाशी अळूचे कंद खोचले. भोपळ्याच्या पोटातल्या बिया, वाळकी मिरची, जे जे स्वयंपाकघरातून निघालं ते ते मातीत गेलं.

शेजारी गोजराकाकू राहायची. कुंभाराची बायको, तोंडाने फटकळ. ती कुंपणावरून डोकावून म्हणाली, "अगं ए अनसा! भाड्याच्या घरात झाडं लावणं म्हणजे वाटसरूनं वडाला पार बांधणं. सावली गावाला, नि पाठदुखी तुला!"

"वाटसरूलाही टेकावं लागतंच की काकू."

"ऐकायची नाहीस तू," गोजराकाकू म्हणाली, आणि दुपारी फुटक्या मडक्यांची पाटी कुंपणावरून आत सोडून गेली. "भट्टीत तडकलेली आहेत. माझ्या नजरेसमोर नकोत."

आता त्या गावची एक रीत सांगते. तिथे रोप कुणी दान देत नसे. दान दिलेलं रोप रुजत नाही, असं बायका मानायच्या. रोप द्यायचं ते उसनं. मीठ द्यावं, विरजण द्यावं, तसं. घर सोडून जाणाऱ्याने उसनं रोप ज्याचं त्याला परत करायचं. आणि दारात कुणी रोप मागायला आलं, तर नाही म्हणायचं नाही, मग तो वैरी का असेना.

अनसाने दारोदार जाऊन उसनं आणलं. सुतारणीकडून मोगरा, पाटलीणबाईंकडून तुळस, गोजराकाकूकडून गवती चहा, देवळातल्या गुरवाच्या आईकडून मरवा. जसे गोधडीला तुकडे जोडावेत, तशी एकेक हिरवी चिंधी तिने त्या परसाला जोडली. कुठलं रोप कुणाचं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आणि एके दिवशी अनसा गोधडी पोचवून घरी आली, तर उंबऱ्यावर सासू नव्हती.

 विहीर! ती धावत परसात गेली. म्हातारी विहिरीपाशीच बसली होती, चांगली मांडी घालून.

"आत्याबाई!"

"ओरडू नकोस, दचकून पडेन मी," सासू म्हणाली. "दाराशी मोगरा. तिथून उजव्या हाताला गवती चहा, त्याला शिवत शिवत चालायचं. मरवा हाताला लागला की थांबायचं. पुढं विहीर आहे. मला शिकवतेस होय?"

 डोळे गेल्यापासून ही बाई कुणाच्या हाताशिवाय एक पाऊल चालली नव्हती. आणि आज वासाचं बोट धरून विहिरीपर्यंत आली होती. सुनेने बाग लावली ती काम म्हणून. म्हातारीने तिचा रस्ता केला होता.

त्याच हंगामात घरमालक गोधडी न्यायला आला. एरवी तो पुढच्या दारातून घेऊन जायचा. त्या दिवशी पुढे कुणी दिसेना, म्हणून हाका मारत मागे आला. आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भोपळ्याचा वेल कुंपणावर चढला होता. मडक्यांतून झेंडू डोकावत होता. विहिरीचं पाणी आरशासारखं चमकत होतं.

"हे माझ्या घरामागं आहे?" तो पुटपुटला. "आणि मला कुणी सांगितलंही नाही?"

त्याला काय वाटलं असेल? बाईने किती राबून केलं? छे! त्याने त्या परसात कधी पाऊलच टाकलं नव्हतं. घर वडिलांकडून आलं, तेव्हा त्याने पुढच्या दारावर हात ठेवून ते ताब्यात घेतलं होतं. त्याला वाटलं, बाग पहिल्यापासूनचीच आहे.

थोड्याच दिवसांनी तो पुन्हा आला. "बाई, अमावास्येच्या आत घर सोडा. दरबारच्या कारभाऱ्यांना बागेचं घर हवंय. मी शब्द देऊन बसलोय."

अनसाच्या हातातली सुई खाली पडली. "मालक, आमचं काही चुकलं का?"

"चुकलं कुठं? घर माझं, मी कुणालाही देईन."

"पण बाग—"

"बागेचं काय? जमीन माझी. पाणी माझ्या विहिरीचं. ऊन देवाचं. तुमचं काय आहे त्यात?"

 अनसाने आठवून पाहिलं. खरंच, तिचं काय होतं त्यात?

"माझं काहीच नाही मालक," ती हळूच म्हणाली. "सगळं उसनं आहे."

"मग झालं तर. आणि अट ध्यानात आहे ना? जाताना पानं ओरबाडून नेऊ नका."

"परससुद्धा जसं होतं तसं द्यायचं?"

"तर! परससुद्धा. जसं होतं तसं!"

अनसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. ते सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तो केव्हाच पाठ फिरवून चालू लागला होता. तिला असा राग आला, की त्याला हाक मारून सांगायचं तिने सोडून दिलं. मनाशी म्हणाली, बरं. शब्द म्हणजे शब्द.

सासूला तिने काही न सांगता गोजराकाकूच्या घरी बसवलं आणि उसनं फेडायला निघाली. मोगरा सुतारणीला, तुळस पाटलीणबाईंना, मरवा गुरवाच्या आईला. गवती चहाचा गड्डा उचलून कुंपणावरून दिला. अळू, मिरची, भोपळ्याचा वेल उपटून काढला. मडकीही परत केली. मग कुंपणाचे काटे उपटून त्यांच्या मोळ्या जिथल्या तिथे टाकल्या. पाटाची कौलं उकरून त्यांचे ढीग रचले. शेवटी वेशीबाहेर गेली आणि धोतरा मुळासकट उपटून घेऊन आली.

गोजराकाकू कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! धोतरा लावतेस? तण काय कुणी लावतं का?"

"होता ना. कमरेएवढा होता."

गोजराकाकू हसून लोटपोट झाली. अनसा हसली नाही. तिचे हात भराभर चालत होते, आणि आपलेच हात तिला ओळखू येत नव्हते.

ठरल्या सकाळी मालक आला. सोबत रेशमी पागोट्याचा कारभारी होता, साक्षीला पाटील होते. मालकाने मोठ्या रुबाबात मागचं दार ढकललं. "या कारभारीसाहेब. अशी बाग पंचक्रोशीत नाही!"

कारभाऱ्याने आत पाहिलं. मग मालकाकडे पाहिलं. "माझी थट्टा करायला बोलावलंत?" म्हणाला, आणि पागोटं सावरत आल्या वाटेने निघून गेला.

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई! माझी बाग कुठाय? काय केलंत हे? आत्ताच्या आत्ता जसं होतं तसं करून द्या!"

"तेच तर केलंय मालक," अनसा म्हणाली.

"खोटं! पाटील, तुम्ही सांगा!"

पाटलांनी घसा साफ केला. "खोटं नाही. मी साक्षीला होतो. असंच होतं. उलट धोतरा तेव्हा जरा जास्तच होता."

मालक काट्यांकडे बघतच राहिला. असं होतं? माझं घर असं होतं?

"एक मात्र जमलं नाही," अनसा खाली मान घालून म्हणाली. "माती. ती पूर्वी दगडासारखी होती. आता काळी, मऊ झालीय. तिला पूर्वीसारखी कशी करायची, ते मला कळेना. तेवढा माझा शब्द मोडला."

मालक काही बोलणार, तेवढ्यात मागून पावलांचा आवाज आला. गोजराकाकूची पाठ वळताच म्हातारी भिंतीच्या आधाराने घरी आली होती. ती नेहमीसारखी मागच्या दारातून बाहेर पडली. तिने मोगऱ्यासाठी हात पुढे केला. हाताला वारा लागला. उजव्या हाताला गवती चहा शोधला. तो नव्हता. हाताला काहीच लागेना, म्हणून ती पुढे, आणखी पुढे गेली, आणि कुणी धरायच्या आत थेट काट्यांत शिरली.

"अनसे," ती कळवळून म्हणाली. हाताला रक्त आलं होतं. "अनसे, बाग कुठं गेली गं?"

अनसाला वाटलं, आपल्याला भूमीने पोटात घ्यावं. शब्दाला शब्द दिला, रागाला राग दिला, आणि या सगळ्यात म्हातारीचा रस्ता आपणच उपटून टाकला! ती जागची हलेना.

हलला तो मालक. तो काट्यांत उतरला, म्हातारीला हाताला धरून बाहेर आणलं, आणि उंबऱ्यावर बसून तिच्या तळव्यातला काटा काढू लागला. 

"कोण तुम्ही?" म्हातारीने विचारलं.

"मी... या घराचा मालक."

"असं होय? मग तुम्हाला ठाऊक असेल. मरवा कुठं गेला?"

  मालक उठला, चपला तिथेच ठेवल्या आणि अनवाणी गुरवाच्या दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाकडे काही मागितलं.

"आजी, मरव्याचं रोप... उसनं मिळेल का?"

रीतच ती. नाही म्हणायचं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या पाटीत मोगरा होता, तुळस होती, गवती चहाचा गड्डा होता. गोजराकाकूने तो देताना एवढंच विचारलं, "मालक, रोपं लावायला बाई ठेवणार, की वाकता येतं?"

पाटी आणून त्याने अनसापुढे ठेवली. "बाई, घर सोडू नका. अट मी मागे घेतो. पाटील साक्षीला आहेत."

अनसाने पदराने डोळे पुसले. "मालक, चूक माझीही आहे. मी त्या दिवशीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

बाळांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: जागा ज्याच्या नावाची त्याची असते, पण बाग जो राखतो त्याची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक पदर नव्हे, धोतर खोचून परसातला धोतरा उपटत होता, अनसा त्या मऊ मातीत मोगरा लावत होती, आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी नाक वर करून त्याला सांगत होती, "अजून राहिलाय हो मालक, तुमच्या डाव्या हाताला."