भरल्या कोठारांचं पत्र

कर्णबंदरच्या दरबारातून दर पौर्णिमेला परदेशी राजांना खुशालीचं पत्र जाई. ‘आमची कोठारं भरली आहेत’ हे वाक्य वीस वर्षं लिहून विसाजी चिटणीस थकले होते. यंदा दुष्काळ पडला, कोठारात उंदीरही फिरकेनात, आणि समुद्रापलीकडून दरसाल येणारा तांदूळ आला नाही. विसाजींनी या वेळी खरं लिहिलं.

अमात्य त्रिंबकपंतांनी ते पत्र भर दरबारात फाडलं. “परक्यांपुढे राज्याची अब्रू घालवता? नेहमीचंच लिहा, नाहीतर चिटणिशी सोडा!”

“लिहितो, पंत,” विसाजी दमल्या आवाजात म्हणाले. “पण गेल्या पत्राला पलीकडून उत्तर आलंय, तेवढं ऐका. ‘तुमची कोठारं भरलेली वाचून आनंद झाला. म्हणून तुमच्या वाट्याचा तांदूळ दुष्काळी शेजाऱ्यांना दिला. आता आम्हालाच कमी पडतोय. रिकामी गलबतं धाडतो, भरून पाठवावीत.’”

विसाजींनी ते उत्तर घडी करून पंतांपुढे ठेवलं.

“पंत, तुमच्या पत्रावर विश्वास ठेवणारं अखेर कुणीतरी भेटलं. त्यांची गलबतं काय अब्रूनं भरू?”

महाराज म्हणाले, “विसाजी, खरं लिहा. गलबतं निघायच्या आत पोचलं पाहिजे.”

पंतांनी निमूटपणे बोरू तासून दिला.