केरबा आणि डेअरीची चावडी

एका गावात एक डेअरी होती आणि डेअरीत एक भोळा केरबा होता. अकरा वर्षं टेम्परवारी. कायम कधी करणार, असं विचारलं की थोरली मंडळी म्हणायची, "बघू." अकरा वर्षं ती नुसती बघतच होती.

यंदा चेअरमन अण्णांनी कामगारांसाठी मोबाइलवर 'चावडी' आणली. ज्याला जे ठाऊक, ते त्यानं तिथं लिहायचं. बाकीच्यांनी वाचून शिकायचं. अण्णांना स्वतःला ती उघडता येत नव्हती. ड्रायव्हर उघडून द्यायचा.

मॅनेजर इंगवले म्हणाले, "केरबा, चावडी नीट वापरलीस तर आठवड्यात कायम. तुला जे जे ठाऊक आहे ते लिही."

केरबानं लिहिलं, "अण्णा दुपारी कोल्ड रूममागं झोपतात. इंगवलेसाहेब पहारा देतात."

"आरं बाबा, माणसांचं नाही लिहायचं. यंत्रांचं लिही."

"बरं सायेब."

दुसऱ्या दिवशी पॅकिंगचा शिदू कोल्ड रूममध्ये अडकला. आतून दार बडवायला लागला. केरबानं लिहिलं, "कोल्ड रूमचं दार झकास लागतं. आतून अजिबात उघडत नाही." शिदूचं नाव घातलं नाही. तो पडला माणूस. तासाभरानं शिदू निळा होऊन बाहेर आला.

"आधी दार उघडायचं रं, मग लिहायचं."

"बरं सायेब."

तिसऱ्या दिवशी दुधाच्या टाकीचं खालचं दार ठिबकत होतं. केरबानं आधी ते उघडलं. मग लिहिलं, "दार ठिबकत होतं. आता ठिबकत नाही." दोन हजार लिटर दूध रस्त्याला लागलं. चार दिवस गावातली कुत्री भाकरीकडं बघेनात.

इंगवल्यांनी कपाळ धरलं. "आजपासून मनानं काही करायचं नाहीस. चावडीवर विचार. जास्त लोक म्हणतील तेच कर. एवढं पाळलंस तर कायम, नाहीतर घरी."

"बरं सायेब."

आठवडा भरला. अण्णा केरबाला कायम केल्याचं पत्र घेऊन आले. येता येता श्रीखंडाच्या टाकीत बोट घालायला वाकले. रोजची सवय; स्वच्छतेचे नियम कामगारांना. पाय घसरला आणि अण्णा कमरेएवढ्या श्रीखंडात.

"केरबा, हात दे."

"थांबा अण्णा, विचारतो." केरबानं फोटो काढला. लिहिलं, "अण्णा श्रीखंडात आहेत. बाहेर काढू, का असू देत?"

"अरे, हे बघ तुझं पत्र. सही केलीय. काढ मला."

"त्या पत्रापायीच तर, अण्णा. आजच नियम मोडला तर कायम कसा होणार मी?"

पाच मिनिटांत निकाल आला. बाहेर काढ: दोन. एक इंगवले, एक ड्रायव्हर. असू देत: तीनशे चार.

खाली कुणीतरी लिहिलं होतं, "झाकण लाव, माश्या बसतील." त्यालाही तीनशे चार अंगठे.

केरबानं झाकण लावलं.