वाटीत टेकवलेली टकळी

फार मागे, धनगरांचे कळप रानोरान फिरायचे तेव्हाची ही गोष्ट. लगमाबाई मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातायची. गिरकी देऊन ती टकळी खाली सोडायची आणि तिच्या भारानं सूत ओढलं जायचं. कच्चं सूत मात्र तिथंच तुटायचं आणि टकळी दगडावर आपटायची.

अंगभर टवके उडालेली टकळी एकदा म्हणाली, "बाई, कच्चं सूत तुझं आणि मार खायचा मी. मला वाटीत टेकवून फिरव."

लगमाबाईला दया आली. ती बसून, टकळीचं टोक वाटीत टेकवून कातू लागली. सुतावर भार येईना, सूत तुटेना, टकळी पडेना. थंडीच्या आत घोंगडी विणून झाली.

त्याच घोंगडीची झोळी करून लगमाबाई नुकतंच जन्मलेलं कोकरू पाठीवर नेत होती. ओढ्याच्या मधोमध झोळी फाटली. पाण्याला ओढ होती. कोकरू हाती लागलं नाही.

मेंढी काठावर ओरडत राहिली. लगमाबाईनं फाटकी कड बोटांनी चाचपली. सूत जागोजागी कच्चं होतं. तिनं कमरेची टकळी आणि वाटी बाहेर काढली.

"बाई," टकळी म्हणाली, "वाटी ठेवून दे."

लगमाबाईनं उभं राहून टकळी खाली सोडली. वीतभर सूत निघालं आणि तुटलं. टकळी दगडावर आपटली, आणखी एक टवका उडाला. बाई कळवळून वाकली.

"मला नंतर बघ," टकळी म्हणाली. "आधी ते कच्चं सूत काढून टाक."