भागोजीच्या ठिपक्यानं गोळ्या खाल्ल्या

कोरेवाडीत भागोजी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं त्याला कळायचं. पण जेवढं सांगितलं तेवढंच कळायचं.

एकदा त्याची बायको कोंडाबाई पाण्याला निघाली. ओट्यावर तिच्या रक्तवाढीच्या गोळ्या होत्या. ती म्हणाली, "अहो, ठिपक्या इथंच घुटमळतोय. गोळ्यांवर लक्ष ठेवा."

भागोजीनं लक्ष ठेवलं. ठिपक्या कुत्र्यानं पाकीट खाली ओढलं, भागोजीनं पाहिलं. ठिपक्यानं पाकीट फाडलं, तेही पाहिलं. कोंडाबाई परतली तेव्हा तो म्हणाला, "अकरा खाल्ल्या. एकही नजरेतून सुटली नाही."

कोंडाबाईच्या हातून घागर निसटली. "अहो, बघत काय बसता? जिवावर बेतेल त्याच्या! डॉक्टरकडे पळा!"

भागोजी पळाला. जनावरांच्या दवाखान्यात धापा टाकत उभा राहिला.

इंगवले डॉक्टरांनी सगळं ऐकलं. "आणि कुत्रा कुठाय?"

"घरी. पळायला मला सांगितलंय."

"अरे, ज्यानं खाल्लं त्याला आण! त्याला घेतल्याशिवाय इथं पाऊल टाकू नको."

भागोजी ठिपक्याला खांद्यावर टाकून आला. डॉक्टर म्हणाले, "पाकीट दे. कसल्या गोळ्या ते बघू."

"पाकीट नाही आणलं."

"का?"

"ज्यानं खाल्लं त्याला आण म्हणालात. पाकिटानं काहीच खाल्लं नाही."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले. "पळ. पाकीट घेऊन ये."

भागोजीनं ठिपक्याला पुन्हा खांद्यावर टाकलं आणि पळाला. डॉक्टर मागून ओरडले, पण तो कोपऱ्यावरून वळला होता. परतला तेव्हा एका हातात पाकीट होतं आणि खांद्यावर ठिपक्या.

"त्याला कशाला नेलंस रे?"

"त्याला घेतल्याशिवाय पाऊल टाकू नको म्हणालात."

तोवर ठिपक्यानं मान टाकली होती. भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, मला काय बोलायचं ते बोला, पण याला वाचवा."

डॉक्टरांनी पाकीट वाचलं, कुत्र्याचं वजन केलं, इंजेक्शन दिलं. ठिपक्या ओरडला, हिसके देऊ लागला. भागोजीनं त्याला घट्ट धरलं. शेवटी ठिपक्याला उलटी झाली, मग सलाईन लागलं. तीन दिवस तो दवाखान्यातच राहिला. चौथ्या दिवशी त्यानं शेपटी हलवली, तेव्हा भागोजी लहान पोरासारखा रडला.

डॉक्टर म्हणाले, "नीट ऐक. पुन्हा घरात कुणी गोळी गिळली, तर मीठ-पाणी पाजत बसायचं नाही. थेट इथं आणायचं. पाकीट आणायचं. किती वाजता गिळली ते सांगायचं. आणि कितीही ओरडलं, हिसके दिले, तरी सोडायचं नाही."

भागोजीनं सगळं पाठ केलं.

महिन्याभरानं त्याचे सासरे जिजाबा मुक्कामाला आले. पिठलं-भाकरी खाल्ली, पाणी मागितलं, खिशातून पाकीट काढलं आणि एक गोळी तोंडात टाकली. कोंडाबाई शेजारी गेली होती. भागोजीनं घड्याळ पाहिलं. सव्वा बारा.

पाणी घशाखाली उतरायच्या आत जिजाबा जावयाच्या खांद्यावर होते.

"जावईबापू! अहो, खाली ठेवा!"

भागोजीनं पकड घट्ट केली. जिजाबांनी पाय झाडले. भागोजी म्हणाला, "मामा, घाबरू नका. ठिपक्यासुद्धा असंच करत होता." वाटेत गिरणीवाल्यानं विचारलं, "कुठं रे निघालास?" भागोजीनं जिजाबांना गिरणीच्या काट्यावर बसवलं, आकडा पाहिला, पुन्हा उचललं आणि पुढं पळाला.

दवाखान्यात डॉक्टर एका शेळीला तपासत होते. भागोजीनं शेळी बाजूला सारून सासऱ्यांना टेबलावर ठेवलं.

"डॉक्टर, एक गोळी. सव्वा बाराला. वजन अडुसष्ट किलो. हे पाकीट. मीठ-पाणी पाजलेलं नाही."

जिजाबा लालबुंद होऊन उठून बसले. "अहो, साखरेची गोळी आहे ती! माझी रोजची! बारा वर्षं झाली, रोज घेतोय!"

भागोजीचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं सासऱ्यांना पुन्हा आडवं केलं, दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि ओरडला,

"ऐकलंत डॉक्टर? बारा वर्षांच्या आहेत आत! काढा सगळ्या!"