शेपटीचा साप

माझ्या मिशा काळ्या होत्या, त्या काळी बांधावरची मुंगसं बोलायची. खोटं वाटत असेल तर मुंगसांना विचारा. काय दिवस होते ते!

सगळी पिल्लं बोरीखालच्या शाळेत दंगा करायची. टिकल्याची आई मात्र त्याला बिळातच शिकवायची. स्वतःच्या शेपटीचा साप करून असे डाव दाखवायची, की बघत राहावं. टिकल्यानं शेपटी पकडली की ती लगेच म्हणायची, "मेला गं बाई साप!"

एके दिवशी खरा नाग आला. टिकल्यानं झपकन त्याची मान पकडली आणि कौतुकासाठी आईकडे बघत सोडून दिली. नागानं फणा काढला.

"सोडतोस काय, येड्या!" बोरीखालची पोरं धावत आली. "हरलेला परत चावतो!" सगळ्यांनी मिळून नागाला हुसकावलं. मग एकजण हळूच म्हणाला, "मान धरायचा डाव आम्हालाही शिकव ना."

दुसऱ्या दिवशी आईनंच त्याला बोरीखाली सोडलं. संध्याकाळी तो फाटका कान घेऊन हसत घरी आला.

"कोण चावलं रे?"

"नाही सांगणार. उद्या मी त्याला चावणार आहे."

आईनं त्याचा कान चाटला. दिवसभर ते बीळ केवढं मोठं वाटलं, हे मात्र तिनंही त्याला सांगितलं नाही.