खराडे मास्तरांचा शेतीचा पाठ

खराडे हेडमास्तरांची म्हैस मोठी नशिबाची. शाळेच्या वेळात चौथीची पोरं तिच्यासाठी गवत कापायची. नव्या आलेल्या सुगंधाबाईंनी एके दिवशी पोरांना बांधावरून आणून वर्गात बसवलं. झालं! बाई शिस्त मोडतात, त्यांना काढा, अशी हेडमास्तरांनी वर तक्रार केली.

चौकशीला साहेब आले. हेडमास्तर छाती फुगवून म्हणाले, "साहेब, तो शेतीचा पाठ होता. हातानं केल्याशिवाय पोरं शिकत नाहीत. बाईंनी त्यांचं नुकसान केलं."

नोकरी जायची वेळ आली, तरी बाई शांतपणे म्हणाल्या, "चुकलंच माझं. आत्ता पाठ पुरा करून घेते." मग त्यांनी वर्गात बसलेल्या हेडमास्तरांच्या लेकीलाच हाक मारली. "मंदाकिनी, ये गं. तू एकदाही गेली नाहीस ना? घे हा विळा."

हेडमास्तर खुर्चीतून ताडकन उठले. "अहो बाई, लेकरू आहे ते! बोट कापून घेईल!"

बाईंनी विळा खाली ठेवला. "साहेब, माझा जबाब सरांनीच दिला."

कारवाई झाली, ती हेडमास्तरांवर. आणि त्याच दुपारी चौथीनं म्हटलेली कविता पार वेशीपर्यंत ऐकू आली.