मुकी घंटा आणि तीन नावं

एका राज्यात, जिथं पाखरं सल्ले देत नि माणसं ते ऐकत, तिथं एका जादूगारानं राजकन्येचा आवाज पितळी डबीत कोंडून डोहात बुडवला. जाताना शापून गेला, "राजाच्या ओतशाळेची नवी घंटा वाजेल, तेव्हाच पोर बोलेल."

ओतशाळेचा मुकादम रायाजी. त्यानं एक घंटा ओतली, मुकी निघाली. दुसरी ओतली, तीही मुकी. तिसऱ्या खेपेला छपरावरची साळुंकी म्हणाली, "मुकादमा, ओतणाऱ्यांची नावं धातूच्या तापल्या रसात सांगावी लागतात. सांग पाहू."

रायाजीला एकही नाव ठाऊक नव्हतं. सात वर्षं हाताखाली राबणारे तिघं, तीन मुलखांचे. भात्यावरच्याला तो 'डोंगऱ्या' म्हणे, साचेवाल्याला 'खारट्या', मेणाचा आकार घडवणारीला 'रानटे'. तुमची नावं जिभेवर बसत नाहीत, असं पहिल्याच दिवशी हसून सांगितलं होतं त्यानं. आता तोच एकेकापुढे जाऊन नाव विचारू लागला.

भातेवाला म्हणाला, "तुम्ही सपाटीवरचे, आज दिवसभर तुम्हांला 'सपाट्या' म्हणेन. मग सांगेन."

दिवसभर हाक घुमली, "ए सपाट्या, कोळसा आण." रायाजीनं आणला. सांजेला नाव मिळालं, थेंगबू.

साचेवाला म्हणाला, "आमच्यात उभ्यानं नाव विचारत नाहीत."

रायाजी मातीत बसला. सात वर्षांत त्या बाजूला बूड टेकलं नव्हतं त्यानं. बसल्यावर दिसलं, यांना भाकर ठेवायला साधा कोनाडाही नव्हता. नाव मिळालं, मरियाळ.

बाई म्हणाली, "माझं नाव ङेलुमा. म्हणून दाखवा."

"नेलुमा."

"मला कुणी नेलं नाही."

"गेलुमा."

"गेलेही नाही. इथंच आहे."

सगळी ओतशाळा हसली. रायाजीचे कान तापले.

बाई म्हणाली, "जीभ अडते ना, मुकादम? तुमच्या बोलीत आमचीही अडली होती. आम्ही शिकलो."

मान खाली घालून तो पुटपुटत राहिला. शंभराव्या खेपेला जमलं.

तिसऱ्या घंटेच्या रसात त्यानं तिन्ही नावं सांगितली. घंटा निवली, टोला पडला, ती वाजली. डोहात डबी फुटली. राजकन्या म्हणाली, "बाबा, तहान लागलीय."

राजानं हातातलं सोन्याचं कडं काढलं. रायाजीनं हात मागे घेतले.

"महाराज, घंटा माझी नव्हे. थेंगबूची, मरियाळाची, आणि..."

भरल्या दरबारात जीभ पुन्हा अडली. मागून बाई हळूच म्हणाली, "सावकाश म्हणा. मी थांबते."

त्यानं म्हटलं.

घंटा अजून वाजते आहे. ज्याची जीभ अडेल, त्यानं लाजावं नि पुन्हा म्हणावं.